डोणवाडीची मतदार नोंदवही

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२४ ऑगस्ट

चि. विश्वजीत,

आशीर्वाद लिहायचे की नाहीत ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

तीन वर्षांनी तुझा फोन आला. मला वाटलं, नात्यातलं कुणी गेलं. तर तू विचारलंस, "अक्का, डोणवाडीत मतदान घेणारी सुरेखाबाई म्हणजे तूच का?" मी हो म्हटल्यावर "हे योग्य नाही" असं तू ज्या आवाजात म्हणालास, तो आवाज मला ओळखीचा आहे. आमच्या शाळेत तपासणीला येणारे साहेब तसा काढायचे, आमचेच डबे खाऊन झाल्यावर.

फोनवर माझा राग राग झाला आणि मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तसंही तुम्हा मंत्रालयातल्या लोकांना बोललेलं कळत नाही. कागद लागतो.

तर ऐक. चौदा सप्टेंबरच्या रविवारी आपल्या गावात लोकांना एकच प्रश्न विचारणार आहोत. मराठवाड्याचं वेगळं राज्य हवं की नको. केंद्राध्यक्ष मी. मतदान अधिकारी क्रमांक एक फारूख सर, माझ्याबरोबर बावीस वर्षं त्याच शाळेत शिकवत होते ते. तुझ्या बारशाचं जेवण त्यांनी जेवलेलं नाही, पण तुझ्या दहावीचं गणित त्यांनीच काढून घेतलं होतं. विसरला असशील म्हणून सांगितलं.

मी चळवळीत शिरले असं तुला वाटत असेल तर तसं नाही. चळवळ म्हणजे शहरातले वकील राजेंद्र आणि त्यांचे चार मित्र. गळ्यात उपरणं, हातात दोन-दोन मोबाइल. नव्या राज्याची राजधानी कुठं असावी यावरून त्यांच्यात आत्ताच दोन तट पडलेत, आणि पाच जणांपैकी तिघं स्वतःला मनातल्या मनात मुख्यमंत्री समजतात. ही माणसं माझ्याकडं आली, कारण मी चौदा निवडणुका केल्यात आणि एकदाही माझ्या केंद्रावर फेरमतदान झालेलं नाही. मी म्हटलं, घेईन, पण माझ्या पद्धतीनं. मी स्वतः हवं म्हणणार की नको, हे त्यांनाही सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही.

तुझ्याकडं मराठवाड्यातल्या "असंतोषा"ची फाइल आलीय हे मला कळलं. मुंबईत बसून तू अहवाल लिहिणार. काय लिहिशील तेही मी सांगते. आधी तुम्ही हसता. हसून भागलं नाही की समिती नेमता, आणि समितीतली माणसं मरेपर्यंत थांबता. मग कधीतरी सगळं सरकार मांडव घालून इथं एक दिवस बैठकीला येतं, आकडे वाचून दाखवतं, जेवतं आणि जातं. आकडे तेच असतात, मागच्या बैठकीतले. आम्ही पाणी मागितलं तर आम्हाला नाव मिळतं. फारूख सर अजून औरंगाबाद म्हणतात, मी संभाजीनगर लिहिते, आणि दोघांच्याही नळाला पाणी कितव्या दिवशी येईल ते नळवाल्यालाच ठाऊक.

सर वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ते सांगत होते, स्कॉटलंडमध्ये तिथल्या मोठ्या सरकारनं म्हटलं, घ्या बुवा मतदान, आणि लोकांनी शांतपणे "वेगळं नको" म्हणून सांगितलं. स्पेनमध्ये कॅटलोनियात सरकारनं पोलिस पाठवले, पोलिसांनी पेट्या उचलल्या, रांगेतल्या म्हाताऱ्यांना फरफटवलं, आणि काल जे घरी बसले होते तेही रस्त्यावर आले. सरांचं म्हणणं, सरकारला प्रश्नाची भीती नसते, मोजणीची असते. मी म्हटलं, आपलं सरकार तितकंही घाबरणार नाही. ते दुर्लक्ष करेल.

आईच्या दहाव्याला तू पिंडाजवळ बसून मोबाइलवर दौऱ्याची गाडी ठरवत होतास. जेवायला थांब म्हटलं तर म्हणालास, "तुमच्या मराठवाड्यात एका कामाला सगळा दिवस जातो." तुमच्या. त्या दिवशी मी तुला या घरात येऊ नको म्हटलं, ते त्या एका शब्दासाठी. तू समजलास मोबाइलसाठी.

असो. औषध वेळेवर घे. तुला आपल्या वडिलांसारखा रक्तदाब आहे.

सुरेखा


८ सप्टेंबर

विश्वजीत,

उत्तर नाही आलं. येणार नाही हे माहीत होतं. मीही उत्तरासाठी लिहीत नाही, तुझ्या फाइलमध्ये एखादं तरी खरं वाक्य जावं म्हणून लिहिते.

तयारी झाली. वकिलांनी मतपत्रिका छापून आणल्या. बघते तर "हवं" हे अक्षर बोटभर मोठं आणि "नको" खाली मुंगीएवढं. मी सगळा गठ्ठा त्यांच्या गाडीत परत ठेवला. म्हणाले, "बाई, हे आपलं मतदान आहे." मी म्हटलं, तुमचं असेल तर तुम्ही तुमच्या घरी घ्या, माझ्या केंद्रावर दोन्ही अक्षरं एका मापाची पाहिजेत. मग नव्यानं छापल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी "हवं"पुढं गोल आणि "नको"पुढं चौकोन. पेट्या म्हणून तेलाचे पत्र्याचे दोन डबे, वर फट पाडून, सुतळी बांधून लाखेचं सील. खोपटासारखा मतदान कक्ष मी स्वतः पुठ्ठ्याचा केला.

आणि नोंदवही. यावरून फारूख सरांचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं. मी अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा, असे रकाने आखायला घेतले तर सर म्हणाले, "बाई, नावं कायकू लिहिता? सरकारच्या मतदानात वही सरकारजवळच राहते, म्हणून चालतं. आपली वही कुणाच्या हातात पडेल, सांगा." मी ऐकलं नाही. मी म्हटलं, उद्या कुणी म्हणालं की दहा माणसांनी बसून शिक्के मारले, तर काय दाखवायचं? सर भांडत नाहीत, नुसते चष्मा पुसतात. मला ते भांडण्यापेक्षा जास्त लागतं.

तुला हे मुद्दाम लिहिते, कारण तुमचे लोक पहिल्यांदा हेच म्हणणार, की मतदान बोगस होतं. नाही होणार. एकेक माणूस ओळख पटवून, सही करून, मगच आत जाईल. तुमच्या कित्येक केंद्रांपेक्षा स्वच्छ. लिहून ठेव.

आता तुमच्या हुशारीबद्दल. मी म्हटलं होतं दुर्लक्ष कराल, तिथं मी चुकले. गावात काल दवंडी झाली की चौदा तारखेलाच शाळेच्या पटांगणात सरकारी शिबिर आहे. दाखले, रेशन कार्डातली नावं, डोळ्यांची तपासणी, सगळं एका दिवसात, मोफत. गेली चार वर्षं ज्या दाखल्यासाठी लोक तालुक्याला खेटे घालतात, तो आता घरी येणार. ही कल्पना तुझी का रे? मला तुझा हात ओळखू येतो. लहानपणी तू रडणाऱ्या पोराला गप्प करायला त्याच्याच खिशातली गोळी काढून त्याला द्यायचास.

पटांगण गेलं म्हणून आम्ही मारुतीच्या पारासमोरच्या जुन्या चावडीत केंद्र हलवलं. शिबिर आणि मतदान यांच्यात एक गल्ली आहे.

सुरेखा


१६ सप्टेंबर

विश्वजीत,

तुला अहवाल तहसिलातून गेला असेलच. आता माझ्याकडून ऐक.

आठ वाजता दार उघडलं. दहापर्यंत चिटपाखरू नाही. समोर पटांगणात मात्र जत्रा. वकील राजेंद्र साडेनऊला आले, रिकामी चावडी बघून फोटो काढला नाही, आणि "जरा चहा घेऊन येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी आणि सर, पुढ्यात वही, शाईचा पॅड, आणि दोन रिकामे डबे. खरं सांगायचं तर मला लाज वाटायला लागली होती.

मग आली भागूबाई. तुला आठवते का? आपल्या घरामागं राहायची, आता अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा गेल्यावर त्या मानधनावर तिनं दोन पोरी वाढवल्या. शिबिरात साहेबांना चहा द्यायला तिला जुंपलं होतं. हातात किटली तशीच घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, पटकन घ्या, साहेब चहा मागत्यात." अंगठा दिला, आत गेली, शिक्का मारला, घडी करून डब्यात टाकली, किटली उचलून निघाली. तीन मिनिटंही लागली नाहीत. जाताना गल्लीत उभी राहून जोरात म्हणाली की चावडीत रांग नाही, लगेच होतंय.

त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवा होतास. लोक तुमच्या मांडवात रांग लावत, दाखला घेत, खिशात नीट ठेवत, आणि गल्ली ओलांडून माझ्याकडं येत. नवा चष्मा मिळालेली म्हातारी तो चष्मा लावून मतपत्रिका वाचायला आली. तुम्ही माणसं जमवून दिली, आम्ही मतदान घेतलं. इतकं सहकार्य मला सरकारी निवडणुकीतही कधी मिळालं नव्हतं.

पावणेचारला पोलिसांची गाडी आली. मी कागद मागितला. फौजदार पोरगेलासा होता, म्हणाला, "जमावबंदी आहे, मॅडम." मी विचारलं, मग पटांगणात काय आहे? तो म्हणाला, "तो कार्यक्रम आहे." दोन्ही डबे सीलसकट उचलून नेले. मोजणी झाली नाही. हवं किती, नको किती, देवालाही माहीत नाही. सील फोडायचं नाही, पंचनाम्यात तसं लिहा, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

वही मात्र त्याला सापडली नाही. त्यानं विचारलंच नाही. माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली होती. सहाशे त्रेचाळीस नावं. माझं आणि सरांचं धरून.

उद्या सतरा तारीख. सकाळी झेंडावंदन होईल, मुक्तिसंग्रामातल्या लोकांची नावं घेतली जातील, आणि निजामाला कसं झुकवलं ते निजामासारख्याच थाटात बसून सांगतील. मी टीव्ही लावणार नाही.

सुरेखा


२५ ऑक्टोबर

चि. विश्वजीत,

तू पोचलास का ते कळव. गाडीत तुझी शाल राहिली असं वाटत होतं, पण ती इथंच खुर्चीवर आहे. पाठवून देते.

तीन वर्षांनी भाऊबीज झाली. मागच्या तीन पत्रांत मी जे तिखटमीठ लावून लिहिलं त्याबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस, ते तुझं मोठेपण. आईच्या फोटोपुढं उभा राहून तुला रडू आलं, तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली, म्हणजे तुला मोकळं होता येईल.

वही तुला दिली, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. सभागृहात प्रश्न आलाय, किती लोकांनी भाग घेतला तो आकडा खरा सांगायचाय, नाहीतर खालचे लोक पाचपन्नास म्हणून मोकळे होतील, हे तू म्हणालास ते मला पटलं. आकडा खरा गेला पाहिजे. आणि नावं कुणी बघणार नाही, असं तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास. धाकट्या भावानं थोरलीच्या डोक्यावर हात ठेवायची आपल्यात रीत नाही, पण मी ठेवू दिला.

पैठणी फार भारी आहे. ती नेसून मी जाणार कुठं? तरी दोनदा उघडून बघितली.

फारूख सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

तुझी अक्का


१३ नोव्हेंबर

उपसचिव साहेब,

सहा दिवसांत अकरा फोन केले. प्रत्येक वेळी तुमचा शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. इतक्या मीटिंगा घेऊन राज्य जागेवर कसं राहिलं याचं नवल वाटतं.

डोणवाडीत सहाशे त्रेचाळीस नोटिसा आल्या. बेकायदा मतदानात सहभाग, खुलासा करा, यापुढं असं करणार नाही असं लिहून द्या. नावं अनुक्रमांकानं आहेत. माझ्याच अनुक्रमांकानं. सतरा नंबरच्या नावात माझ्या हातून वेलांटी चुकली होती, ती नोटिशीतही चुकलेली आहे. म्हणजे खाली बसवून कुणाकडून तरी उतरवून घेतलंत.

ज्यांची नुसती शेती आहे त्यांनी नोटिशीच्या होड्या केल्या. त्यांना तुम्ही काय करणार? पण ज्यांची नाडी सरकारच्या हातात आहे त्यांचं बघा. दाखला घ्यायला गेलं की कारकून आधी यादीत बोट फिरवतो. फारूख सरांचा साकिब परदेशात नोकरीला चाललाय, त्याच्या पासपोर्टची चौकशी अडली. आणि भागूबाई. तिला वेगळी नोटीस आहे. मानधनावरच्या मदतनिसानं शासनविरोधी कृत्यात भाग घेतला, ड्यूटीच्या वेळेत, शासकीय किटली घेऊन. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर काम बंद. किटलीचा उल्लेख तुम्हाला कुठून मिळाला? तो फक्त माझ्या पत्रात होता.

माझी पत्रंही फाइलला लावलीत. बहिणीची पत्रं.

मी काल सरांच्या घरी गेले आणि वही कुणाला दिली ते सांगितलं. मला वाटलं होतं ते निदान एकदा म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांनी चहा करायला लावला. गुलशनभाभींनी बिस्किटं आणून ठेवली. सर म्हणाले, "भाऊ है बाई, काय करणार." त्यांनी मला झापलं असतं तर मी तिथून ताठ मानेनं निघाले असते.

तुमचा मला तिरस्कार वाटतो असं लिहिणार होते. पण जास्त तिरस्कार मला त्या बाईचा वाटतो जिनं चौदा निवडणुकांच्या शिस्तीचा तोरा मिरवायला सहाशे लोकांचे अंगठे एका वहीत गोळा केले, आणि पैठणीच्या घडीवर ती वही उचलून दिली. पैठणी आजच्या टपालानं परत येत आहे. शाल मात्र ठेवून घेतली, थंडी पडलीय.

सुरेखा


२१ नोव्हेंबर

विश्वजीत,

सोबत प्रतिज्ञापत्राची नक्कल आहे. मूळ प्रत तहसिलात दिली, पोच घेतली.

मजकूर तू वाचशीलच, तरी सांगते. मी, सुरेखा, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, शपथेवर लिहून दिलं की चौदा सप्टेंबरला डोणवाडीत एकही मतदार आला नव्हता. नोंदवहीतली सगळी नावं मी मतदार यादीवरून उतरवली, सह्या मी केल्या, अंगठेही मीच उठवले. फारूख सर तिथं नव्हते. मतपत्रिका मीच शिक्के मारून डब्यात टाकल्या. सगळं मतदान बोगस.

तुम्हाला हेच हवं होतं ना? मग घ्या. सप्टेंबरच्या पत्रात फुशारकी मारली होती की कुणाला बोगस म्हणता येणार नाही. आता मीच म्हणते. सहाशे अंगठे एका बाईचे कसे, असा प्रश्न तुमच्यात कुणी विचारणार नाही, कारण उत्तर सोयीचं आहे. वकील राजेंद्र यांनी पत्रक काढून माझा निषेध केला. चळवळीच्या पाठीत खंजीर, असं काहीतरी. चहाला गेलेला माणूस दोन महिन्यांनी परत आला तो निषेध करायला.

तहसिलदारांनी कागद दोनदा वाचला. भला माणूस वाटला. म्हणाला, "मॅडम, खोटं निघालं तर तुमच्यावर गुन्हा होईल, खरं निघालं तरी होईल." मी म्हटलं, माहीत आहे. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला बोलावून विचारतील, ही सही तुमची का. नाही म्हटलं की नोटीस रद्द. मी घरोघर फिरून सगळ्यांना सांगितलंय, नाही म्हणा, एवढा एकच शब्द. भागूबाईला तर दोनदा सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

आयुष्यात कागदावर पहिल्यांदा खोटं लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.

सुरेखा


४ डिसेंबर

विश्वजीत,

चौकशी तीन दिवस चालली. मी तहसिलात बाहेरच्या बाकावर बसून होते. दार उघडं ठेवत होते, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

लोक आत जात, वहीत बघत, नाही म्हणत, बाहेर येत. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. फारूख सर पहिल्याच दिवशी गेले. त्यांना साकिबची शपथ घालून मी नाही म्हणायला लावलं होतं. त्यांनी ते इतक्या हळू म्हटलं की कारकुनानं पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. बाहेर येऊन ते सरळ बसस्टँडकडं गेले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाशे चाळीस जणांनी आपलं मत दिलंच नाही असं सांगितलं. माझं स्वतःचं धरलं तर एक्केचाळीस. एक म्हातारा मधल्या काळात वारला होता, त्याच्यापुढं मयत लिहिलं.

शेवटी राहिली भागूबाई. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. कारकुनानं वही पुढं केली आणि तोच प्रश्न विचारला.

"माजाच हाय आंगठा," ती म्हणाली.

तहसिलदारांनी तिला बसायला सांगितलं. समजावलं की बाईंनी लिहून दिलंय, हे सगळे अंगठे त्यांनीच उठवलेत, तुमच्यावर काही येणार नाही. मी बाकावरून उठून दारात गेले आणि मान हलवत राहिले. तिनं मला बघितलं.

"बाई खोटं लिवत्यात. आमच्यापायी लिवत्यात. म्या मत दिलं, साहेब. चौकोनावर शिक्का मारला. नको म्हून. आत्ता एका सरकारापुढं हात जोडतो, येगळं झालं की दुसऱ्यापुढं जोडायचे, हात तेच. म्हून नको म्हनलं. पर म्हनलं म्याच. ते दिलंच नाय असं कसं सांगू?"

कारकुनानं लिहिणं थांबवून तहसिलदारांकडं बघितलं. त्यानं विचारलं, "साहेब, कशाला शिक्का मारला तेही लिहायचं का?" तहसिलदार म्हणाले, त्याला रकाना नाही. मत दिल्याचं कबूल, एवढंच लिही.

तर असं झालं. तुम्ही ज्या बाईची भाकरी काढून घेतली, तिनं तुमच्या बाजूनं मत दिलं होतं. डब्यात तशी किती असतील कुणास ठाऊक. सरांच्या त्या स्कॉटलंडसारखं झालं असतं कदाचित. तुम्ही नुसतं मोजू दिलं असतं तर झेंड्याखाली उभं राहून वाचून दाखवता आलं असतं. पण तुम्हाला आमचं हवंही नको आणि नकोही नको. आम्ही तोंड उघडलं हेच तुम्हाला खपत नाही.

परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मी तिला रागावले. सगळ्या गावाला जमलं ते तुला का जमलं नाही, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, असं बरंच बोलले. तिनं ऐकून घेतलं. फाट्यावर उतरायच्या आधी म्हणाली, "बाई, साहेबांनी डबा उचलून नेला, त्यो डबा तरी हाय कुटंतरी. तुमी तर मला न इचारता माजं मतच पुसाया निगाला व्हता."

तुला आणि तुझ्या खात्याला मी इतके दिवस नाक मुरडून लिहीत होते, आणि तिच्या हिशेबी तू आणि मी एकाच आईची लेकरं निघालो.

माझ्यावर गुन्हा दाखल होईल, त्यात तू हात घालू नकोस. तिला कामावरून काढल्याचा कागद काल आला. त्यातही हात घालायची तुझ्यात धमक नाही, म्हणून मागत नाही. एकच मागते, आणि तेही बहीण म्हणून नाही. तुझ्या अहवालात डोणवाडीपुढची जागा कोरी सोडू नकोस. केंद्राध्यक्षानं निकाल कळवायचा असतो, तो मी कळवते.

डोणवाडी. एकूण झालेलं मतदान, एक. वेगळं राज्य हवं, शून्य. नको, एक. निकाल सरकारच्या बाजूनं. सरकारनं केलेली कारवाई: मतदाराला कामावरून कमी केलं.

सुरेखा
केंद्राध्यक्ष